गावतलावावर बदकं उतरावीत म्हणून: काठ, खोली आणि वर्षभराची निगा

तलाव काठोकाठ भरलेला असतो, पण पाण्यावर दोन-चार वारकरी पक्षी आणि एखादी टिबुकली सोडली तर काही दिसत नाही. तिथून पाच-सहा किलोमीटरवरच्या ओसरत्या पाझर तलावाच्या चिखलात मात्र शेकड्यानं बदकं चरत असतात. मराठवाड्यात डिसेंबरात कुठंही फिरलं तरी हे दिसतं. याचं कारण पाण्याच्या साठ्यात सापडत नाही, काठाच्या उतारात सापडतं. पैठणचा नाथसागर १९८६ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तिथंही पक्ष्यांची गर्दी भिंतीजवळच्या खोल पाण्यात नसते, फुगवट्याच्या पसरट काठांवर असते. त्याच गोदावरीवर वरच्या अंगाला नाशिक जिल्ह्यात नांदूर मधमेश्वरचा बंधारा आहे. गाळ साचत साचत तो उथळ झाला, आणि २०२० मध्ये तीच पाणथळ महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली.

गावतलाव, पाझर तलाव किंवा लघू तलावाच्या शेपटाकडचा काही भाग पाणपक्ष्यांसाठी सुधारायचा असेल, तर काम कोणत्या क्रमानं करायचं ते पुढं दिलं आहे. पहिल्यांदाच हात घालणाऱ्यांनी अर्धा ते दोन हेक्टर एवढीच जागा घ्यावी.

कुणाला किती पाणी लागतं

चक्रांग आणि भुवई बदक ५ ते १५ सेंटिमीटर पाण्यात चरतात. थापट्या, हळदी-कुंकू आणि तलवार बदक १० ते ३० सेंटिमीटरपर्यंत जातात. तलवार बदकाची मान लांब, त्यामुळं शेपटी वर करून ते आणखी थोडं खोल पोचतं. ही सगळी बदकं बुडी मारत नाहीत. मान घालून जेवढं गाठता येईल तेवढंच त्यांचं ताट. शेकाट्या आणि तुतारीसारख्या चिखलपक्ष्यांना ओल्या चिखलापासून १० सेंटिमीटरपर्यंतचं पाणी पुरतं. लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारतात, त्यांना १ ते ३ मीटर खोल पाणी चालतं. पट्टकादंब आणि चक्रवाक विसाव्याला पाण्याचा आसरा घेतात आणि काठच्या गवतात, शेतात चरतात.

आता उताराचा हिशेब पाहा. काठ ३ मीटरला १ मीटर उतरत असेल, तर ३० सेंटिमीटर खोलीपर्यंतची पट्टी जेमतेम ९० सेंटिमीटर रुंद मिळते. ३० मीटरला १ मीटर उतार असेल तर ९ मीटर, आणि १०० मीटरला १ मीटर असेल तर तब्बल ३० मीटर. चरायची जागा ती एवढीच.

हिवाळ्यात उघड्या पाण्यावरून दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर वाफ होते. थोडा पाझर धरला तर महिन्याला साधारण १५ सेंटिमीटर पाणी उतरतं. शंभराला एक उताराच्या काठावर तेवढ्यात पाण्याची कड १५ मीटर मागं सरकते आणि रोज अर्धा मीटर ताजा चिखल उघडा पडतो. त्यातले किडे, गोगलगायी, बिया रोज नव्यानं हाताशी येतात. उभ्या काठावर मात्र महिनाभरात कड अर्धा मीटरसुद्धा सरकत नाही. पुढचं सगळं काम ही सरकती कड मिळवण्यासाठी आणि ती टिकवण्यासाठी आहे.

आधी कागद

सातबारा आणि गावनकाशा काढा. जुना गावतलाव बहुधा ग्रामपंचायतीकडे असतो. १०० हेक्टरपर्यंत सिंचनाचा पाझर किंवा लघू तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे असतो आणि त्याहून मोठा मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे. मासेमारीचा ठेका कुणाकडे, गाळपेर, म्हणजे पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या तळातली पेर, कोण करतं, पाणी उपसणाऱ्या मोटारी किती आणि कुणाच्या, तळ्यावर जनावरं कोणत्या वस्तीची येतात, हे सगळं एका वहीत उतरवून घ्या. ग्रामसभेचा ठराव आणि संबंधित विभागाची लेखी परवानगी हातात आल्याशिवाय कुदळ मारू नका. बांधाला, सांडव्याला किंवा विमोचकाला (पाणी सोडायच्या दाराला) धक्का लागेल असं काम अभियंत्याच्या आखणीविना करायचंच नाही.

सप्टेंबर २०१७ च्या पाणथळ नियमांचा आधार घेता येईल असं अनेकांना वाटतं. पण सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव त्या नियमांच्या व्याख्येत बसत नाहीत. मराठवाड्यातले बहुतेक तलाव असेच आहेत. म्हणून इथं खरा आधार ग्रामसभेचा. शिकारीला मात्र १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा सगळीकडे लागू आहे.

ग्रामसभेत पाण्याचा आकडा उघडपणे सांगा. २ हेक्टर जागेत सरासरी २० सेंटिमीटर पाणी धरायचं म्हणजे ४,००० घनमीटर, म्हणजेच ४० लाख लिटर. दहा हजारी टँकरच्या हिशेबात ४०० टँकर. त्यातलं दिवसाला सुमारे १ लाख लिटर नुसतं उडून जाणार. टँकरवर उन्हाळे काढलेल्या गावापासून हा हिशेब लपवला, तर पहिल्याच तुटीच्या वर्षी विश्वास जातो आणि तो परत येत नाही. तलावाच्या एकूण पसाऱ्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त जागा मागू नये, आणि पिण्याच्या पाण्याची वेळ आली की पक्ष्यांचा हक्क मागं घ्यायचा, हे ठरावातच लिहावं.

एक हंगाम नुसतं मोजा

हस्ताचा पाऊस संपला की, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, तलावाच्या खोल भागात मोजपट्टी उभी करा. ५ सेंटिमीटर जाडीचा लोखंडी पाईप, त्यावर दर १० सेंटिमीटरला पांढरा-काळा पट्टा आणि आकडे. पाईप तळात ६० सेंटिमीटर तरी गाडा, नाहीतर म्हशी अंग घासून तो वाकवतात. दर रविवारी आकडा लिहायचा.

याच हंगामात फुकटात तळाचा नकाशाही मिळतो. दर १५ दिवसांनी पाण्याच्या कडेवर २० ते २५ पावलांच्या अंतरानं दगड ठेवत जा, आणि त्या ओळीच्या पहिल्या दगडावर तारीख व मोजपट्टीचा आकडा ऑइल पेंटनं लिहा. पाणी स्वतःच सपाटी दाखवतं, त्यामुळं दगडांची प्रत्येक ओळ म्हणजे एक समपातळी रेषा. मेअखेरीस ओळी कुठं दाट आणि कुठं विरळ आहेत ते उघड्या डोळ्यांना दिसतं. जिथं विरळ, तिथं उतार मंद. तीच तुमची जागा. डम्पी लेव्हल, म्हणजे पातळी मोजायची दुर्बीण, नंतर उपबांधाच्या वेळी लागेल, पण जागा निवडायला हे दगड पुरतात.

ही पायरी वगळण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण जेसीबी मिळतो तो उन्हाळ्यातच आणि वर्ष वाया जातंय असं वाटतं. तरी थांबा. चुकीच्या जागी खोदलेला काठ परत भरता येत नाही.

गाळ काढायचा, पण काठ सोडून

२०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेतून तलावांतला गाळ शेतात जातो आहे. हलक्या जमिनीला तो सोन्यासारखा. पण पोकलेन चालवणाऱ्याला जिथं गाळ मऊ आणि रस्ता जवळ, तिथंच खोदायला सोपं जातं, आणि ती जागा म्हणजे नेमका उथळ काठ. मागं उरतात उभ्या कडांचे खड्डे. त्यांत पाणी मे महिन्यापर्यंत टिकतं, पण बदकाला उतरायला जागा उरत नाही. शिवाय अशा खड्ड्यांत मुलं आणि जनावरं बुडतात.

म्हणून काम सुरू होण्याआधी चुन्याच्या फक्कीनं हद्द आखा. निवडलेल्या भागात पूर्ण भरल्याच्या रेषेपासून आत ४० मीटर खोदाई बंद. त्यापुढं मधल्या भागात हवं तेवढं खोल जाऊ द्या. तिथं लालसरीची सोय होते आणि उन्हाळ्यात माशांनाही आसरा मिळतो. खोल भागाकडे उतरणारी कड निदान २० मीटरला १ मीटर ठेवायची. खोदाई मुरमाला लागली की थांबायचं. तळातला चिकट गाळच पाणी धरून ठेवतो, तो थर फुटला की पुढचं पाणी जमिनीत जातं. पाझर तलावाचं कामच जिरवण्याचं आहे, तिथं हरकत नाही. गावतलावात मात्र लोक तुम्हालाच जाब विचारतील. बांधाच्या पायथ्यालगत खोदायचं नाही. किती अंतर सोडायचं ते अभियंता सांगेल.

वरचा १० ते १५ सेंटिमीटर गाळ बाजूला काढून ठेवा आणि सपाटीकरणानंतर उथळ भागावर परत पसरा. देवभात, सावा, लव्हाळा यांचं बी त्याच थरात असतं. हा थर शेतात गेला की पाणथळ दोन-तीन पावसाळे उघडी राहते.

उपबांध आणि बरगे

मंद उताराची जागा आहे, पण तलावाचं पाणी डिसेंबरातच तिथून निघून जातं, अशी बहुतेकांची अडचण असते. तिथं शेपटाकडच्या भागाला आडवा, बुटका उपबांध घालून ३० ते ४० सेंटिमीटर पाणी मागं अडवता येतं. तलाव भरला की हा बांध पाण्याखाली जातो, ओसरला की आपलं काम सुरू करतो.

माप असं धरा: उंची १ मीटर, माथा दीड मीटर, दोन्ही बाजूंचा उतार तीनास एक. पाया साडेसात मीटर येतो आणि काटछेद साडेचार चौरस मीटर. १०० मीटर लांबीला ४५० घनमीटर, म्हणजे सुमारे १६० ब्रास दाबलेली माती. सैल माती याहून जास्त लागते. शिवाय बसणं धरून उंची १० टक्के वाढवून ठेवा.

आधी मधोमध ६० सेंटिमीटर रुंद चर घट्ट थर लागेपर्यंत खोदा आणि तो काळ्या मातीनं ठोकून भरा. चर टाळला तर पाणी बांधाखालून वाट काढतं, आणि ते पहिल्या वर्षी कळतही नाही. गाभा काळ्या मातीचा, वर ३० सेंटिमीटर मुरमाचं कवच. नुसत्या काळ्या मातीचा बांध उन्हाळ्यात हात जाईल एवढा भेगाळतो आणि पहिल्या पाण्यात त्या भेगांतूनच फुटतो. १५ ते २० सेंटिमीटरचा थर टाकायचा, ओलवायचा, रोलरनं दाबायचा आणि मग पुढचा. माती मुठीत दाबली की गोळा व्हावा पण हाताला चिकटू नये, एवढीच ओल हवी. ट्रॅक्टरच्या चार फेऱ्या मारून ‘दबली’ म्हणणं पुरेसं नाही. बांधावर झाडं लावू नका, मुळांच्या वाटेनं पाणी जातं. घुशी आणि खेकड्यांची बिळं दर दसऱ्याच्या सुमारास शोधून काळ्या मातीनं ठोका.

तलाव भरताना पाणी बांधावरून उलट दिशेनं आत येणार. ते कुठून येईल हे तुम्ही ठरवलं नाही तर पाणी ठरवेल. म्हणून ५ ते ६ मीटरचा एक टप्पा बाकीच्यापेक्षा २० सेंटिमीटर बुटका ठेवा, त्याचा उतार पाचास एक करा आणि दोन्ही अंगांना दगडी पिचिंग बसवा.

सर्वांत सखल जागी ३०० मिलिमीटरचा सिमेंट पाईप घाला आणि त्याच्या तोंडाशी विटांची चौकोनी कुंडी बांधा. कुंडीत कोल्हापुरी बंधाऱ्यासारख्या समोरासमोरच्या खाचांच्या दोन जोड्या ठेवायच्या. त्यांत १० सेंटिमीटर उंचीचे लाकडी बरगे एकावर एक बसतात. बरग्यांच्या दोन ओळींमध्ये काळी माती ठासली की गळती थांबते. एक बरगा काढला की पाणी १० सेंटिमीटर उतरणार, हा हिशेब कुणालाही समजतो. बरगे चोरीला जातात, म्हणून वरून लोखंडी पट्टी आणि कुलूप, आणि किल्ली एकाच माणसाकडे.

वर्षाची चाल अशी ठेवायची. मृगाच्या सुमारास तळ उघडा आणि सगळे बरगे बाहेर. पहिल्या पावसावर सावा, लव्हाळा आणि इतर वर्षायू गवतं उगवतात, त्यांना सहा आठवडे बुडू द्यायचं नाही. रोपं गुडघ्याएवढी झाली की एकेक बरगा टाकत आठवड्याला १० सेंटिमीटरहून जास्त पाणी वाढवायचं नाही. शेंडे कायम पाण्यावर हवेत. या दिवसांत हळदी-कुंकू, अडई, वारकरी, कमळपक्षी यांची घरटी असतात, एकदम पाणी चढलं तर अंडी जातात. ऑक्टोबरात बी पिकतं, तेव्हा गवताच्या बुडाशी १५ ते २५ सेंटिमीटर पाणी हवं. पाहुणी बदकं हेच बी खायला उतरतात. डिसेंबरच्या मध्यापासून दर तीन आठवड्यांनी एक बरगा काढा आणि फेब्रुवारीअखेर जागा मोकळी करा.

यात जिल्ह्याजिल्ह्याचा फरक आहे. नांदेड-हिंगोलीकडे परतीच्या पावसाचा भरवसा बरा, तिथं सप्टेंबरपर्यंत थांबता येतं. बीड, धाराशिवच्या कमी पावसाच्या पट्ट्यात जुलैच्या मध्यापासूनच पाणी अडवायला लागा. गवत थोडं बुडलं तरी चालेल, ऑक्टोबरात कोरडी पाणथळ मिळण्यापेक्षा ते बरं. आणि जुलैतच तलाव भरून उपबांधावरून पाणी गेलं, तर त्या वर्षी बरग्यांचा उपयोग नाही. बुडालेलं गवत कुजून किडे वाढतात, थापट्यांना तेही चालतं.

बेट

मुरमाचं एखादं बेट करा. माथा १० बाय ५ मीटर, भरल्या पातळीच्या ५० सेंटिमीटर वर, कडा पाचास एक. काठापासून ३० मीटर तरी आत, आणि मधलं पाणी १ मीटरहून खोल. कमी असेल तर कुत्री चालत पोचतात. बेटावर झाड नको. बदकांना बसल्या जागेवरून चहूकडे दिसायला हवं.

काय वाढू द्यायचं, काय काढायचं

लागवड जवळपास करावीच लागत नाही. गाळात बी असतं, पाण्याची चाल बरोबर ठेवली की ते उगवतं. ‘हिरवाई’ म्हणून तळ्याभोवती झाडांची रांग लावण्याचा उत्साह मात्र आवरा. काठचं उघडं गवत हेच पट्टकादंबांचं कुरण. जुन्या गावठी बाभळी एका बाजूला असतील तर त्या राखा. बगळे आणि पाणकावळ्यांना त्या लागतात, आणि ढोल्या असलेली जुनी झाडं काणूक आणि नकट्या या बदकांना.

पाणकणीस, म्हणजे रामबाण, थोडं हवं. एक चतुर्थांश जागेपर्यंत त्याच्या जाळ्यांत वारकरी आणि पाणकोंबड्या घरटी करतात. त्याहून पुढं ते सगळी उथळ जागा गिळतं. नुसतं वरून कापलं तर महिन्यात परत येतं. तुरा आल्यावर, पाण्याच्या पातळीखाली १५ सेंटिमीटरवर कापा आणि बुडखे महिनाभर पाण्याखाली राहतील असं पाहा. पोकळ देठातून मुळांना हवा जाते, ती वाट पाण्यानं बंद झाली की गड्डे कुजतात. म्हणून हे काम भरल्या पाण्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरात. मात्र कापण्याआधी जाळ्यात घरटं नाही ना, हे पाहून घ्या.

बेशरमची झुडपं मुळासकट उपटायची आणि काठापासून लांब, कोरड्या जागी वाळवायची. ओल्या मातीवर पडलेल्या फांद्या पुन्हा मुळं धरतात. वेडी बाभूळ काठावर रोप असतानाच काढा.

जलपर्णी दिसली तर त्याच आठवड्यात काढा. उबदार पाण्यात ती दोन आठवड्यांत दुप्पट होते, आणि फुलली की बी गाळात वर्षानुवर्षं टिकतं. पण ती येते सांडपाण्यावर. गावची गटार तळ्यात उतरत असेल तर आधी शोषखड्डे करा, नाहीतर दरवर्षी जलपर्णी काढत बसावं लागेल.

पाण्याखालच्या वनस्पती, ज्यांना गावात सरसकट शेवाळ म्हणतात, त्या वारकरी आणि लालसरीचं अन्न आहेत. त्या उगवत नसतील तर पाणी गढूळ आहे का पाहा. पांढरी ताटली दोरीला बांधून सोडा. ३० सेंटिमीटरच्या आत दिसेनाशी होत असेल तर तळाला उजेड पोचत नाही. कारण बहुधा सायप्रिनस मासा, तो तळ उकरत फिरतो. गवत्या मासा तर वनस्पतीच खाऊन टाकतो. तलावात रोहू, कटला, मृगळ ठीक. सायप्रिनस, गवत्या आणि तिलापिया सोडू नयेत, आणि थाई मांगूर तर बंदी असलेलाच आहे. उन्हाळ्यात तळ पूर्ण सुकला तर हे मासे आपोआप जातात, हा कोरडं पडण्याचा मोठा फायदा.

मोटारी, गाळपेर, जाळी, जनावरं

५ अश्वशक्तीची मोटार सेकंदाला १२ लिटर उपसते असं धरलं, तर ८ तासांत सुमारे ३४५ घनमीटर पाणी जातं. १० हेक्टर पसाऱ्याच्या तलावात ते साडेतीन मिलिमीटर भरतं. म्हणजे एक मोटार वाफेइतकीच, आणि पाच मोटारी चालल्या की पाणी नेहमीच्या चौपट-पाचपट वेगानं उतरतं. चिखल एकदम उघडा पडून वाळतो आणि किडे मरतात. मोटारी बंद करा असं सांगून कुणी ऐकणार नाही, आणि तसं सांगूही नये. पाळ्या वाटून घेतल्या आणि उपसा उपबांधाबाहेरच्या खोल पाण्यातून केला, तर दोघांचंही भागतं.

गाळपेर करणाऱ्यांशी दोन गोष्टी ठरवा. पाण्याच्या कडेपासून १५ मीटर पट्टी नांगरायची नाही, आणि कीटकनाशक चोळलेलं बियाणं उघडं टाकायचं नाही. ते खाऊन करकोचे आणि बदकं मरतात. पट्टकादंब आणि करकोचे कोवळ्या हरभऱ्यात उतरून नुकसान करतात ही शेतकऱ्यांची तक्रार खरी आहे, ती उडवून लावू नका. उगवणीनंतरचे तीन-चार आठवडे शेतावर चमकणाऱ्या पट्ट्या ताणणं आणि पहाटे राखण करणं, यासाठी गटानं माणूस द्यावा.

तंगूसच्या (नायलॉनच्या बारीक दोऱ्याच्या) जाळ्यात बुडी मारणारी बदकं आणि वारकरी अडकून गुदमरतात. मासेमारी संस्थेशी बोलून नोव्हेंबर ते फेब्रुवारी उपबांधाच्या आत जाळं लावायचं नाही असं ठरवा. ठेक्यात तेवढी सवलत मागायला त्यांना साथ द्या. फुटकं जाळं काठावर टाकू नये, हेही त्यांच्याशीच बोलून ठरतं.

म्हशी बसल्या तर पाणकणीस मोडतं आणि गवत आखूड राहतं, तेवढं चांगलंच. पण जून-जुलैत कोवळ्या रोपांवर कळप आला तर त्या वर्षीचं बी गेलं. ते दोन महिने काटेरी कुंपण घाला आणि जनावरांना पाण्याची दुसरी वाट मोकळी ठेवा.

कधीकधी निधी येतो तो ‘सुशोभीकरणा’चा: चारी बाजूंनी दगडी पिचिंग, पेव्हर ब्लॉकची पायवाट, रात्रीचे दिवे, बोटिंग. यातलं प्रत्येक काम पक्ष्यांना हुसकावणारं आहे. पैसा आलाच तर एकाच बाजूला, १०० मीटर दूर, तुराट्यांच्या आडोशाची निरीक्षणाची जागा करा आणि बाकीचा निधी सांडपाण्याकडे वळवता येतो का पाहा. ड्रोन उडवू देऊ नका. दाणे, पाव टाकू नका. पाळीव बदकं सोडू नका, रोग आणि संकर दोन्ही होतात.

पक्षी मरू लागले तर

उथळ, तापलेलं, कुजक्या पाल्याचं पाणी असेल तर बोट्युलिझमचं विष तयार होऊ शकतं. २०१९ च्या नोव्हेंबरात राजस्थानातल्या सांभर सरोवरावर हजारो पक्षी त्यानं मेले. पक्ष्याची मान लुळी पडते, उडता येत नाही. मेलेल्या पक्ष्यातल्या अळ्यांत विष साठतं, त्या खाऊन पुढचे मरतात. म्हणून मेलेले पक्षी रोज उचलणं हाच पहिला उपाय. दुसरा उपाय पाण्याचा: बरगे काढून ते पाणी पूर्ण सोडून द्यायचं, अर्धवट डबकं ठेवायचं नाही. पण बर्ड फ्लूही असू शकतो. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्यांमध्ये तो आढळला होता. त्यामुळं उघड्या हातानं काही उचलू नका. आधी पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि वनविभागाच्या १९२६ क्रमांकाला कळवा, त्यांच्या सांगण्यानुसार हातमोजे आणि मास्क घालून पक्षी उचला. नमुने तेच घेतील.

नोंद आणि तुटीची वर्षं

महिन्यातून दोनदा, सूर्योदयानंतरच्या दोन तासांत, एकाच जागेवरून मोजणी करा. सूर्य पाठीशी हवा. मोठा थवा असेल तर दहा पक्षी मोजून तेवढा तुकडा डोळ्यांत धरायचा आणि तसे किती तुकडे बसतात ते पाहायचं. आकड्याशेजारी त्या दिवशीची पाण्याची पातळी आणि किती बरगे होते ते लिहा. त्याशिवाय नुसती पक्ष्यांची संख्या पुढच्या वर्षी काहीच सांगत नाही. जानेवारीतली मोजणी चुकवू नका. १९८७ पासून चालत आलेली आशियाई पाणपक्षी गणना त्याच महिन्यात होते, तुमचे आकडे तिला देता येतात.

पहिल्या वर्षी पक्षी कमी आले तर आखणी बदलू नका. गवताचं बी साठायला दोन पावसाळे लागतात. आणि पाऊस हुकला, पाणथळ भरलीच नाही, तर ते वर्ष दुरुस्तीचं समजा. तडकलेला तळ, उघडा पडलेला गाळ आणि मेलेले तिलापिया पुढच्या भरतीसाठी चांगलेच असतात. तेव्हा कुंडीच्या खाचा साफ करा, बरग्यांना तेल द्या, बांधाच्या भेगा भरा, मोजपट्टी रंगवा आणि मोकळ्या तळात उगवलेली वेड्या बाभळीची रोपं पावसाच्या आत उपटून टाका.